दारुखान्यातला आउटबोर्डवाला

दारुखान्यातल्या एका बोट-मेकॅनिकचा हा रिव्ह्यू. ज्यांच्याकडे बोट नाही त्यांनी यात वेळ घालवू नये, असं लिहिणार होते. पण स्कूटर, इन्व्हर्टर किंवा विहिरीवरचा पंप ज्यांच्याकडे आहे, त्यांनाही मधला भाग उपयोगी पडेल. तेव्हा वाचा.

मी दातांची डॉक्टर, दवाखाना माहीमला. मावसभाऊ आणि मी मिळून एक एकोणीस फुटी फायबरची उघडी बोट घेतली, मागे ९० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाला बाहेरून लावलेलं इंजिन. सेकंडहँड. नागावला आजोळचं घर आहे, तिथे जाताना रस्त्याने पेण-वडखळच्या ट्रॅफिकमध्ये चार तास घालवण्यापेक्षा गेटवेहून मांडव्याला समुद्रातून जाऊ, असा हिशेब होता. आधीच्या मालकाने ती इतक्या स्वस्तात का दिली, हे पुढच्या दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने कळत गेलं.

बिघाड असा. पावसाळाभर बोट ट्रेलरवर ताडपत्रीखाली होती. सप्टेंबरअखेर पाण्यात उतरवली. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मांडव्याहून परतताना, संक रॉकचं दीपगृह दिसायला लागलं आणि इंजिन खोकायला लागलं. दोन-चार आचके दिले आणि बंद. ओहोटी लागली होती, बोट हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकायला लागली. तेवढ्यात न्हावा-शेव्याला निघालेलं कंटेनरचं जहाज मागून येताना दिसलं. लांबून ती जहाजं थांबल्यासारखी दिसतात आणि पाच मिनिटांत बिल्डिंगएवढी होतात. भाऊ व्हीएचएफ रेडिओ हातात धरून १६ नंबर, म्हणजे मदत मागायच्या चॅनलवर नेमकं काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होता. मी दहा मिनिटांनी सेल्फ मारला, जीपीएसचा पडदा काळा होऊन परत पेटला आणि इंजिन काहीच झालं नसल्यासारखं सुरू झालं. वीस मिनिटांनी पुन्हा तोच प्रकार. त्या दिवशी गेटवेला पोचेपर्यंत तीन वेळा.

आधी आम्ही गेलो एका चकाचक वर्कशॉपमध्ये. नाव घेत नाही. एसी, गणवेश, कॉफी. इंजिनाला लॅपटॉप जोडला, 'कमी व्होल्टेज'चे कोड निघाले. बॅटरी बदलली, १४,००० रुपये. बोट बांधलेल्या जागीच दहा मिनिटं चालवून दाखवली, मस्त चालली. पुढच्या रविवारी पुन्हा बंद. मग म्हणाले, इंजिनाचा कॉम्प्युटरच गेलाय, बाहेरून मागवावा लागेल, १,६०,००० रुपये, दीड महिना. भावाने चेकबुक काढलंही होतं. मी म्हटलं, दात काढण्याआधी निदान एक एक्स-रे तरी काढू या.

दारुखान्याचा पत्ता आम्हाला लाँचवरच्या एका खलाशाने दिला. रे रोड स्टेशनला उतरून पूर्वेकडे चालत गेलं की मुंबईचा वेगळाच नकाशा सुरू होतो. मांडीएवढ्या जाड साखळ्यांचे ढीग, फोडलेल्या जहाजांचे दरवाजे, गॅस कटरच्या ठिणग्या, गंजाचा आणि डिझेलचा एकत्र वास. दारुखाना म्हणजे तोफेच्या दारूचा, दुसऱ्या दारूचा नव्हे. माझ्या कंपाउंडरला हे सांगूनही त्याचा विश्वास बसला नव्हता. तिथे एका बोळात दहा बाय बाराचा गाळा. पाटी नाही. भिंतीवर मेलेले इंपेलर (इंजिनात थंडाव्याचं पाणी ढकलणाऱ्या रबरी पाकळ्यांच्या चकत्या) एका तारेत ओवून माळेसारखे टांगलेले. दारात निळं प्लास्टिकचं पिंप अर्धं कापून त्यात पाणी भरलेलं, इंजिन पाण्याशिवाय चालवायचं नाही म्हणून.

मिस्त्री कोळी, वय साठीच्या आसपास. 'लिहा, पण नाव-नंबर टाकू नका, सप्टेंबरात आधीच जीव जातो,' असं त्यांनी बजावलंय, त्यामुळे त्यांना इथे मिस्त्रीच म्हणते. मी त्यांना काका म्हणते, ते मला डाक्टरीनबाय.

पहिल्या भेटीत त्यांनी एकाही हत्याराला हात लावला नाही. स्टुलावर बसवलं आणि प्रश्न सुरू केले. झटक्यात बंद पडली की खोकत खोकत? टाकीत पेट्रोल किती होतं? बीप वाजला का? गरम रबराचा वास? हळू चालवली तर चालते का? बंद पडल्यावर किती वेळाने चालू झाली? पेट्रोलच्या नळीवरचा रबरी गोळा हाताला कसा लागत होता? शेवटच्या प्रश्नाला आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. गोळ्याला कोणी हात लावला होता?

त्यांचा ढोबळ नियम सोपा आहे. दिवा विझवावा तसं झटकन बंद झालं तर बिजलीकडे बघायचं. खोकत, आचके देत गेलं तर पेट्रोलकडे. 'आनि सेल्फ मारताना जीपीएस मरतो ते येगलं. तुमच्याकडं एक रोग नाय, दोन हाय.'

हे वाक्य ऐकलं आणि मला चकाचक वर्कशॉपची चूक कळली. लॅपटॉप खोटं बोलत नव्हता. व्होल्टेज खरंच कमी पडत होतं. फक्त इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नव्हता, आणि बॅटरीचा तर त्या व्होल्टेजशीही नव्हता.

चार दिवसांनी, म्हणजे सांगितलेल्या दिवसानंतर दोन दिवसांनी, ते भाच्याला घेऊन बोटीवर आले. आता तो मधला भाग.

मिस्त्रींनी मल्टिमीटर काढला. लॅमिंग्टन रोडवर मिळतो तसला साधा, पिवळा, एका कोपऱ्यात वितळलेला. बॅटरी नुसती मोजली: १२.६ व्होल्ट. म्हणजे पूर्ण भरलेली. मग लाल दोरीची सुरक्षा क्लिप काढून ठेवली (आमच्या इंजिनाला क्लिप नसताना सेल्फ फिरतो, पण इंजिन पेटत नाही) आणि भाच्याला सेल्फ मारायला सांगितलं. बॅटरीवर १०.८. इंजिनाजवळ, सेल्फच्या टोकाला, ९.१. मधले १.७ व्होल्ट गेले कुठे?

त्यांनी काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर धरलं आणि लाल टोक थेट इंजिनाच्या उघड्या धातूवर. दोन्ही निगेटिव्हच, एकाच जाड काळ्या वायरीची दोन टोकं. सेल्फ बंद असताना आकडा शून्य. 'मार,' म्हणाले. सेल्फ फिरला आणि मीटर १.४ दाखवायला लागला. तिथे खरं तर शून्याच्या जवळ असायला हवं; अर्ध्या व्होल्टाच्या वर गेलं की वायरीत किंवा तिच्या सांध्यात खोट आहे. उरलेले ०.३ पॉझिटिव्हच्या बाजूला जात होते, ते चालण्यासारखं. वर्कशॉपवाल्या मुलानेही हीच काळी वायर तपासली होती, माझ्यासमोर, मीटरचा 'बीप' लावून; वायर सलग असली की तो वाजतो. बीप वाजला होता. वाजणारच. केसाएवढ्या चार तारा शाबूत असल्या तरी बीप वाजतो, कारण मीटर त्यातून नावापुरता करंट सोडतो. सेल्फ शंभर अँपिअरच्या पुढे मागतो, तेव्हा त्या चार केसांची परीक्षा होते.

तडा गेलेला दात असाच असतो. नुसता बघून, हलवून, ठोकून काही कळत नाही. पेशंटला कापसाच्या बोळ्यावर चावायला लावलं की किंचाळतो.

मग त्यांनी लाल टोक इंजिनावरून उचललं आणि वायरीवरून थोडं थोडं मागे आणत गेले. खुंटीपासून थिंबलपर्यंत (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) जेमतेम काही नाही. थिंबलपासून पुढच्या वीतभर वायरीत १.२. सुरीने तिथलं काळं आवरण उभं चिरलं. आतून तांबं निघालंच नाही. हिरवी-काळी भुकटी निघाली, बोटावर घेतली तर रांगोळीसारखी. बाहेरून वायर नव्यासारखी दिसत होती. खारं पाणी थिंबलच्या तोंडातून शिरून आतल्या आत वर चढलेलं, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं.

'कळंक,' मिस्त्री म्हणाले. कित्येक वर्षांनी हा शब्द ऐकला. आजी तांब्याच्या पातेल्यात ताक ठेवू द्यायची नाही, कळकेल म्हणून. आणि मिस्त्रींचा इलाजही आजीचाच होता: कल्हई. बोटीत नुसत्या तांब्याची घरगुती वायर चालत नाही, प्रत्येक तारेवर कथलाचा मुलामा असलेली वायर लागते. दुकानदार तिला 'टिन्ड' म्हणतात, मिस्त्री 'कल्हईवाली'. त्यांनी पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोन्ही वायरी ३५ स्क्वेअर एमएमच्या कल्हईवाल्या टाकल्या, थिंबल मोठ्या पान्याने दाबले, वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवून गरम केली. गोंद कडेने मण्यासारखा बाहेर येईपर्यंत भाच्याला हलू दिलं नाही. पुन्हा मोजलं: निगेटिव्हवर ०.२. जीपीएस सेल्फच्या वेळी डोळा मिचकावेनासा झाला, कारण आमचा डॅशबोर्ड इंजिनाच्याच हार्नेसवरून, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरून जोडलेला आहे आणि तिथे पोचणारं व्होल्टेज आता पडत नव्हतं.

मी म्हटलं, झालं तर मग. ते म्हणाले, अर्धं.

'बांधलेल्या होडीवर रोग दिसत नाय. चला.' आणि आम्ही चौघं निघालो. हीच गोष्ट आधीच्यांनी केली नव्हती. मिस्त्रींनी मला मागे, पेट्रोलच्या नळीपाशी बसवलं आणि माझा हात त्या रबरी गोळ्यावर ठेवला. 'पेशंटची नाडी धरतात ना, तशी धरा.' दवाखान्यात नाडी फारशी धरावी लागत नाही मला, पण धरली. सुरुवातीला गोळा टणक. ४००० आरपीएमवर बाराएक मिनिटं गेली आणि माझ्या बोटांखाली तो मऊ पडायला लागला. आणखी चार-पाच मिनिटांत तो चोखलेल्या आंब्यासारखा चपटा झाला आणि इंजिन खोकलं. मी ओरडले. मिस्त्री शांतपणे उठले, पेट्रोल भरायचं झाकण अर्धा आटा फिरवलं. फुस्स. टाकीने एवढा मोठा श्वास आत घेतला की चौघांनाही ऐकू आला. माझ्या हातातला गोळा आपोआप फुगला. झाकण सैल ठेवून इंजिन चालू केलं, पुढची पंचवीस मिनिटं ते बंद पडलं नाही.

कारण समजायला सोपं आहे. इंजिन पेट्रोल ओढतं तेवढी हवा टाकीत आत यायला हवी. नाही आली की टाकीत पोकळी होते आणि शेवटी पंप हरतो. हळू चालवताना ओढच कमी, म्हणून कळत नाही. थांबलं की इकडून तिकडून थोडी हवा शिरते, म्हणून दहा मिनिटांनी चालू होतं. गोळा चपटा होतोय याचा अर्थ अडथळा गोळ्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. तो टणकच राहिला असता तर पुढे, इंजिनाच्या बाजूला शोधावं लागलं असतं.

टाकीला हवा घेणारं छिद्र बोटीच्या कुशीला बाहेरून असतं, करंगळीएवढं. भाच्याने त्याची जाळी काढली आणि आत स्क्रू-ड्रायव्हर फिरवला. सुकलेली माती निघाली. चिमूटभर नाही, चांगली सुपारीएवढी, आणि त्यात वाळलेल्या कोळ्याचे पाय. कुंभारीण माशीचं घर. पावसाळाभर ताडपत्रीखाली शांत जागा बघून बाईंनी संसार थाटला होता. १,६०,००० रुपयांचा कॉम्प्युटर बदलूनही ती तिथेच राहिली असती.

या कामाचे त्यांनी पैसे लावले नाहीत. 'माती काडायचे काय घेऊ?' बिल आलं मागच्या महिन्याच्या कॅलेंडरच्या पानामागे: फेरी १,५००, दोन वायरी-थिंबल-स्लीव्ह ४,६००, मजुरी २,५००. एकूण ८,६००. ज्यांना जीएसटीचं बिल लागतं त्यांनी आधी बोलून घ्या. मला मागूनही नीट मिळालं नाही, आणि हे मला आवडलं नाही.

पेट्रोलबद्दलही त्यांच्याकडून धडा मिळाला. टाकीच्या तळातलं पेट्रोल त्यांनी लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत काढून गाळ्यात शेल्फवर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी खाली बोटभर वेगळा थर बसलेला. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल हवेतलं पाणी पितं, मुंबईच्या हवेत तर विचारूच नका, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून खाली बसतात. टाकीतून पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच असते. आउटबोर्ड कंपन्यांची पुस्तकं सहसा १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. आमच्या इंजिनाच्या पुस्तकात ते छापलेलं आहे, मी तोवर वाचलं नव्हतं एवढंच. मिस्त्रींचा सल्ला: पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा, पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर लावा, आणि दर महिन्याला त्यातलं थोडं काचेत काढून बघा. बरणी त्यांनी मला भेट दिली. अजून कैरीचा वास येतो.

मे महिन्यात बोट बाहेर काढली तेव्हा इंपेलरसाठी पुन्हा त्यांच्याकडेच गेले. इंजिनातून थंडाव्याच्या पाण्याची जी बारीक धार मागे पडते, तिला त्यांच्यात काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर कोणत्याही खलाशाला विचारा, लाजत नाहीत. आमची धार बारीक झाली होती. इंपेलर काढला तर सहा पाकळ्यांपैकी दोन तुटलेल्या. नवा बसवला की काम संपलं, असं मला वाटलं. मिस्त्रींनी तुटलेले तुकडे शोधायला घेतले. एक पंपाच्या घरातच मिळाला. दुसरा मिळेना. दीड तास. नळ्या काढून उलटं पाणी सोडलं, तार घातली, शेवटी थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की पाणी सोडणारी झडप) उघडला तर त्याच्या तोंडाशी तो रबराचा तुकडा, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. तो तिथे राहिला असता तर नवीन इंपेलर असूनही इंजिन तापलं असतं. दात काढताना मुळाचं टोक आत मोडलं तर 'राहू दे, बघू पुढे' म्हणणारे डॉक्टर मी पाहिलेत, म्हणून त्या दीड तासाची किंमत मला कळते. किट ३,२००, मजुरी १,५००. दीड तासाचे वेगळे काही नाहीत. जुना इंपेलर आता भिंतीवरच्या माळेत आहे.

आता तक्रारी, कारण आहेत. वेळेचा मेळ नाही: मंगळवार म्हटलं की गुरुवार धरा. फोन दुपारी एक ते चार उचलत नाहीत. भाच्यावर गिऱ्हाइकांसमोर ओरडतात, तो पोरगा हुशार आहे आणि बापडा गप्प ऐकून घेतो. मी एकदा बोलले तर 'डाक्टरीनबाय, तुमी तुमचे दात बगा' असं उत्तर मिळालं. लॅपटॉप त्यांच्याकडे नाही, त्यामुळे इंजेक्टर किंवा सेन्सरचं काम असेल तर स्वतःच 'कंपनीकडं जा' सांगतात. तिथे तुमचे त्यांच्याकडचे दोन आठवडे फुकट जाऊ शकतात. म्युझिक सिस्टिम, फॅन्सी दिवे यांना हात लावत नाहीत. आणि तुमच्या बिल्ज पंपाला (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) कोणी घरगुती वायर काळ्या टेपने जोडलेली दिसली तर तुम्हाला न विचारता ती कापून टाकतात. आमची कापली. त्या दिवशी मी रागावले होते.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुरुवारसाठी कापला.

जायचं असेल तर फेब्रुवारीत किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा. गणपतीनंतर सगळ्या बंदराला एकदम आपापल्या बोटी आठवतात. सकाळी अकराच्या आत पोचा, साखळ्यांच्या ढिगाऱ्यापाशी 'आउटबोर्डवाले कुठे' विचारा. बिघडलेला पार्ट नेत असाल तर धुऊन, पुसून, पिशवीत घालून नेऊ नका. गंजाचा रंग बघायचा असतो त्यांना. आणि गोळा टणक होता की मऊ, ते आठवून ठेवा. विचारणार.